लग्नाची कॅसेट संगणकात उतरवताना: कॅप्चर कार्ड कुठलं आणि का

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पिशवी खाली येते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत त्या पिशवीतला ऐवज सारखाच असतो: लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट, मुंजीची एक, शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक, आणि २००० नंतर घेतलेल्या हँडीकॅमच्या, काडेपेटीहून जरा मोठ्या टेप. मग मोबाइलवर ‘कॅप्चर कार्ड’ शोधलं जातं. शेकड्यांतल्या डोंगलपासून काही दहा हजारांच्या कार्डापर्यंत सगळं समोर येतं आणि प्रत्येकावर ‘फुल एचडी’, ‘४के’ असं लिहिलेलं असतं.

यातल्या बहुतेक शब्दांचा तुमच्या कॅसेटशी काही संबंध नाही. कॅप्चर कार्ड चित्र सुधारत नाही. प्लेअरमधून जे येतंय ते एकही फ्रेम न गमावता, रंग-उजेड न बिघडवता संगणकात पोचवणं एवढंच त्याचं काम. त्याच्या आधी कॅसेट आहे, ती वाजवणारं यंत्र आहे, मधली केबल आहे. म्हणून कार्डाची निवड पिशवीतली कॅसेट हातात घेऊनच सुरू करावी लागते.

कॅसेट ओळखली की निम्मं काम होतं

मोठी काळी, पुस्तकाएवढी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जेव्हीसीने १९७६ मध्ये आणलेला हा प्रकार आपल्याकडे नव्वदीच्या दशकात घरोघरी होता. ऑडिओ कॅसेटच्या जवळपास आकाराची कॅसेट असेल तर तिच्यावरचं नाव नीट वाचा. व्हिडीओ८ आणि हाय८ या दोन्ही अॅनालॉग, पण तशाच दिसणाऱ्या कॅसेटवर १९९९ नंतर डिजिटल८ हा प्रकारही आला आणि तो नावाप्रमाणे डिजिटल आहे. सगळ्यात छोटी ती मिनीडीव्ही, तीही डिजिटल.

इथेच पैसे वाचतात. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ साठी कॅप्चर कार्ड लागतच नाही. त्या टेपवर आकडेच साठवलेले आहेत आणि ते आकडे कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या डिजिटल केबलने जसेच्या तसे संगणकात येतात. सोनीच्या कॅमेऱ्यावर याच सॉकेटला ‘आय-लिंक’ म्हटलेलं असतं, छोटं, चार पिनांचं. डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं फायरवायर कार्ड टाकायचं, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं. त्या कार्डाचं सॉकेट सहसा सहा पिनांचं असतं, म्हणून केबल चार-ते-सहा पिनांची घ्यायची. विंडोज १० किंवा ११ वर कॅमेरा दिसत नसेल तर फायरवायरचा जुना, ‘लेगसी’ म्हणून ओळखला जाणारा १३९४ ड्रायव्हर घालावा लागतो. विनडीव्हीसारखं छोटं सॉफ्टवेअर पुरतं. टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो आणि तासाला साधारण १३ जीबी जागा.

कॅमेऱ्यावर यूएसबीचंही सॉकेट असतं, त्याने फसू नका. बहुतेक हँडीकॅममध्ये ते मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यासाठी किंवा अगदी हलक्या प्रतीच्या चित्रासाठी दिलेलं असतं. आणि मिनीडीव्ही कॅमेऱ्याची पिवळी पिन कॅप्चर डोंगलला जोडून केलेली प्रत म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग आणि पुन्हा डिजिटल. दोन वेळा नुकसान, तेही विनाकारण. ठाण्यात असो वा वाशीत, कोणी मिनीडीव्ही ‘एव्ही केबलने करून देतो’ म्हणालं तर टेप परत घ्या.

हाय८ बाबत एक उपयोगी गोष्ट. सोनीचे सुरुवातीचे बरेच डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडीओ८ आणि हाय८ टेपसुद्धा वाजवतात आणि आतल्या आत त्यांचं डिजिटल करून फायरवायरने बाहेर देतात. असा कॅमेरा नातेवाइकांकडे पडून असेल तर तो बाजारातल्या बहुतेक स्वस्त कार्डांपेक्षा चांगलं काम करतो. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ई असेल तर तो पाल पद्धतीचा, म्हणजे आपल्याकडच्या टेपना चालणारा.

कॅसेटची व्हीसीडी किंवा डीव्हीडी आधीच करून घेतलेली असेल तर डिस्कवरच्या फाइली सरळ कॉपी करा, कॅप्चर करू नका. पण व्हीसीडी झाली म्हणून मूळ कॅसेट टाकूनही देऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. कॅसेटवरून आज ७२० गुणिले ५७६ घेता येतं, म्हणजे व्हीसीडीत चौथा हिस्साच उरलाय.

पिवळ्या पिनेतून येतं तरी काय

उरल्या व्हीएचएस, व्हिडीओ८ आणि हाय८. यांच्यासाठी कार्ड हवंच, आणि ते निवडायला टीव्हीचं जुनं चित्र कसं बनायचं हे थोडं माहीत असावं लागतं.

भारतात पाल पद्धत होती. एका चित्रात ६२५ रेषा, त्यांतल्या ५७६ दिसणाऱ्या. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी एकाआड एक रेषा, मग एक पन्नासांश सेकंदाने मधल्या रेषा. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे हालचालीचे ५० वेगवेगळे क्षण. वरातीतल्या लेझीमची हालचाल कॅसेटवर सलग, गुळगुळीत दिसते ती यामुळेच.

म्हणून कार्डाची पहिली कसोटी: ते पालमध्ये पूर्ण ७२० गुणिले ५७६ चित्र, दोन्ही फील्डसकट, फारसं न दाबता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) देतं का? ६४० गुणिले ४८० वर आपोआप आणणारं कार्ड रेषा मोडून नव्याने बनवतं. काही डोंगलांचं सोबतचं सॉफ्टवेअर एक फील्ड टाकूनच देतं. चित्र दिसतं, पण लेझीम अडखळते.

आणि १०८०पी? व्हीएचएसवर आडव्या दिशेचा तपशील जेमतेम २४० रेषांएवढा असतो. घरातली लग्नाची कॅसेट बहुधा मूळ शूटिंग मिक्सरवर जोडून काढलेली प्रत असते, म्हणजे त्याहूनही कमी. जे टेपवर नाहीच ते कुठलंही कार्ड आणून देत नाही.

पद्धतीचा घोळही पाहून ठेवा. दुबई-मस्कतहून आलेल्या कॅसेट पालच असतात, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली मात्र एनटीएससी: ४८० रेषा, सेकंदाला २९.९७ चित्रं. मल्टिसिस्टम व्हीसीआर ती लावल्यावर ‘पाल ६०’ नावाचा मिश्र सिग्नल देतो. टीव्ही तो चालवून घेतो, कॅप्चर कार्ड सहसा घेत नाही. चित्र काळं-पांढरं होतं किंवा वरखाली घसरतं. व्हीसीआरच्या मागे किंवा मेन्यूत एनटीएससी ३.५८ चा पर्याय असेल तर तो निवडा आणि कार्डालाही एनटीएससी सांगा.

केबलचं गणित सोपं आहे. पिवळ्या आरसीए पिनेत उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात आणि कार्डाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. त्या वेगळं करण्यात बारीक रेघांवर इंद्रधनुषी झाक आणि कडांवर सरकते ठिपके उमटतात. चार पिनांच्या एस-व्हिडीओत ते वेगवेगळ्या तारांतून येतात. हाय८ कॅमेऱ्यांना आणि एस-व्हीएचएस यंत्रांना हे सॉकेट असतं, असेल तर तेच वापरा. साध्या व्हीसीआर-व्हीसीपीला फक्त पिवळी पिन असते, तिथे कार्डाला एस-व्हिडीओ असून नसून सारखं.

स्वस्त डोंगलच्या पोटात

‘ईझीकॅप’ या नावाने विकलं जाणारं काळं यूएसबी डोंगल सगळ्यांनी पाहिलंय. अडचण अशी की हे नाव एका वस्तूचं राहिलेलं नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या डोंगलांत एसटीके११६०, यूटीव्ही००७, सोमॅजिक, एम्पिया अशा निरनिराळ्या चिप सापडतात, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. सोबतची सीडी भलत्याच चिपची निघते ती त्यामुळे. कुठली चिप आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डोंगलच्या ‘हार्डवेअर आयडी’वरून कळतं: विक्रेत्याचा क्रमांक ०५ई१ असेल तर एसटीके११६०, १बी७१ असेल तर यूटीव्ही००७. विकत घेताना खोक्यावरचं नाव न पाहता परत करण्याची मुदत पाहा, आणि त्या मुदतीत पूर्ण तीन तासांची कॅसेट चालवून बघा.

या डोंगलांचा मुख्य दोष उजेडात आहे. आतला आपोआप उजेड सांभाळणारा भाग नको तिथे उजेड वाढवतो. मग बटूचं पांढरं धोतर, नवरीच्या गळ्यातला मोत्यांचा हार, मांडवातला हॅलोजनखालचा चेहरा, सगळं एकसलग पांढरं होऊन जातं. फाइलमध्ये एकदा जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. दुसरा दोष आवाजाचा. पहिल्या पाच मिनिटांत ओठ आणि आवाज जुळलेले असतात, दोन तासांनी मंगलाष्टकं पुढे आणि भटजी मागे.

हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह २ या किमतीच्या वरच्या पायरीवरचं आणि समाधानकारक कार्ड आहे. ते न दाबलेलं चित्र देतं, उजेड-रंगाच्या पट्ट्या हाताने हलवता येतात आणि आवाजही त्याच्याच आत घेतला जातो. कॅनोपसचं एडीव्हीसी-११० जुनं झालं, पण हाती लागलं आणि संगणकाला फायरवायर असेल तर आजही कामाचं आहे. ते अॅनालॉगचं डीव्ही करून देतं आणि चित्र-आवाजाची जोड घट्ट ठेवतं. डीव्हीत रंगाचा तपशील थोडा कमी होतो, मात्र व्हीएचएसवर रंग मुळातच इतका पुसट असतो की ते नुकसान डोळ्याला जाणवत नाही.

महाग म्हणजे चांगलं हे इथे लागू पडत नाही. स्टुडिओसाठी बनवलेली काही व्यावसायिक कार्डं स्वच्छ, स्थिर सिग्नलच गृहीत धरतात. त्यांना जुन्या व्हीएचएसचा डळमळीत सिग्नल दिला की ती थेट काळी पडतात किंवा फ्रेम सोडतात. दहापट किमतीचं कार्ड कॅसेटपुढे हरतं ते असं.

एचडीएमआय कन्व्हर्टरचा मोह

हा सल्ला फार ठिकाणी मिळतो: तीन रंगी पिना एचडीएमआयमध्ये बदलणारी छोटी डबी घ्या आणि ती एचडीएमआय कॅप्चर डोंगलला जोडा. दोन्ही वस्तू स्वस्त, दोन्ही सहज मिळतात, चित्रही लगेच दिसतं. तरीही हे करू नका.

ती डबी दोन फील्ड घाईघाईने एकत्र करते, ५७६ रेषा ताणून ७२० किंवा १०८० करते, ५० चं ६० करताना मधूनमधून चित्रं दोनदा दाखवते आणि ४:३ चं चित्र १६:९ मध्ये पसरवते. नवरा-नवरी दोघंही रुंद दिसतात. त्यानंतर डोंगल. यांत बहुधा एमएस२१०९ चिप असते. ती यूएसबी २.० वर चालत असल्याने प्रत्येक चित्र जेपीईजीसारखं दाबून पाठवते. म्हणजे टप्प्याटप्प्याने नुकसान, आणि ते भरून काढता येत नाही. सॉकेटच्या निळ्या प्लास्टिकवरून ते यूएसबी ३.० समजू नका, निळा रंग काही डोंगलांत नुसताच दिलेला असतो.

थरथरणाऱ्या रेषा

उभे खांब, दाराच्या चौकटी किंवा मांडवाच्या कमानी वाऱ्यावर हलल्यासारख्या लहरत असतील तर दोष कार्डाचा नाही. टेप ताणलेली असते, मोटरचा वेग किंचित बदलतो, आणि प्रत्येक रेषा ठरल्या क्षणाच्या थोडी आधी-नंतर येते. जुना पेटीसारखा टीव्ही हे पोटात घालायचा. कार्ड घालत नाही. ते एक तर रेषा वाकड्या नोंदवतं नाही तर पूर्ण फ्रेमच सोडून देतं.

यावर इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी: प्रत्येक रेषा क्षणभर स्मृतीत धरून ठरल्या वेळी पुढे सोडणारं साधन. स्वतंत्र टीबीसी महाग आणि दुर्मीळ. काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस यंत्रांत आणि हाय८ कॅमेऱ्यांत तो आतच असतो, मेन्यूत चालू करावा लागतो. घरगुती तोडगा म्हणून पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर जगभर वापरले जातात. व्हीसीआरची पिन त्यांच्या इनपुटला द्यायची आणि आउटपुट कार्डाला. डिस्क घालायची गरज नाही, त्यांचा डीव्हीडी ड्राइव्ह बिघडलेला असला तरी चालतो. पैसे मोजकेच असतील तर ते महागड्या कार्डावर घालण्याऐवजी मध्यम दर्जाचं कार्ड आणि असा एखादा रेकॉर्डर यांवर घाला. फरक पहिल्या मिनिटात दिसतो.

आणि प्लेअर. शेवटचे व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ पर्यंत बनवले, त्यामुळे आता सगळा बाजार जुन्या मालाचा. लॅमिंग्टन रोडला जायचं तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटसाठी सँडहर्स्ट रोड स्टेशन, जिथे मेन लाइनची धीमी गाडीही थांबते आणि वाशी-नेरुळहून येणारी हार्बरचीही. सोबत खराब झाली तरी चालेल अशी एक कॅसेट न्या. दहा मिनिटं वाजवा, पूर्ण पुढे-मागे पळवा, बाहेर काढून कॅसेटची पुढची झडप उघडून टेपच्या कडा बघा. कड दुमडली असेल, ओरखडा दिसत असेल तर ते यंत्र घेऊ नका. नुसतं वाजवणारं व्हीसीपी मिळालं तर कमी समजू नका, त्यात चुकून रेकॉर्डिंग होण्याची भीतीच नाही. व्हीसीआर असेल तर आधी कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी खूण मोडा. ती मोडली की त्या कॅसेटवर नवीन काही रेकॉर्ड होत नाही.

प्रत्यक्ष उतरवताना

संगणक फार भारी लागत नाही, डिस्क लागते. न दाबलेलं पाल चित्र सेकंदाला जवळपास २१ एमबी भरतं, म्हणजे तासाला सुमारे ७५ जीबी. हफवाययूव्ही किंवा लॅगारिथसारख्या काहीही न गमावता दाबणाऱ्या कोडेकने ते तासाला ३० ते ४० जीबीवर येतं. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला शंभर-सव्वाशे जीबी मोकळी ठेवा. डिस्क एनटीएफएस पद्धतीची हवी. एफएटी३२ वर ४ जीबी झाले की फाइल थांबते.

डोंगल संगणकाच्या मागच्या यूएसबी सॉकेटमध्ये थेट लावा, हबमधून नको. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरच्या कॅप्चर विभागात कार्ड निवडा, स्रोत कंपोझिट (म्हणजे पिवळी पिन) किंवा एस-व्हिडीओ, पद्धत पाल-बी, आकार ७२० गुणिले ५७६, रंगाचा प्रकार वाययूवाय२, २५ फ्रेम. आवाज ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, आणि तो त्याच कार्डातून. आवाज लॅपटॉपच्या माइक सॉकेटमधून घेतला की दोन वेगळी घड्याळं चालू होतात आणि तासाभरात अंतर पडतं. मग हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडा, कॅसेटमधला सगळ्यात उजेडी आणि सगळ्यात काळोखा प्रसंग लावा आणि उजेड-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या अशा बसवा की आलेख दोन्ही टोकांच्या लाल भागात शिरणार नाही. चित्र थोडं फिकं दिसेल. दिसू द्या. ते नंतर उजळता येतं.

कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे घ्या. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत बसलेले वेढे मोकळे होतात आणि ताण सारखा होतो. ट्रॅकिंग सुरुवातीलाच जुळवा. चालू असताना खाली ‘सोडलेल्या’ आणि ‘घातलेल्या’ फ्रेमचा आकडा दिसतो. मधला कोरा भाग किंवा दोन शूटिंगमधला सांधा आला की दोन-चार वाढणं स्वाभाविक आहे. आकडा सतत चढत असेल तर थांबवा: अँटिव्हायरस, क्लाउडवर चाललेली कॉपी, झोपी जाणारी डिस्क, यांपैकी काहीतरी मध्ये येतंय. एवढं करूनही चढत असेल तर सिग्नलच डळमळीत आहे, मघाचा टीबीसीचा भाग पुन्हा वाचा. यूपीएस नसेल तर तीन तासांचं सलग कॅप्चर पावसाळी संध्याकाळी लावू नका.

नेहमीच्या तक्रारींची कारणं बहुतेक वेळा छोटी असतात. चित्र काळं-पांढरं: पद्धत एनटीएससीवर राहिली आहे, किंवा कंपोझिट सिग्नल एस-व्हिडीओच्या इनपुटात जातोय. आवाजच नाही: विंडोजच्या गोपनीयता सेटिंगमध्ये मायक्रोफोन बंद आहे, आणि विंडोज कॅप्चर कार्डाचा आवाजही मायक्रोफोनच समजतं. चित्राच्या अगदी खालच्या कडेला फाटलेल्या काही रेषा: हा दोष नव्हे, व्हीसीआरची दोन हेड आळीपाळीने काम करतात त्याचा तो सांधा, जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे तो झाकला जायचा. उजेड लयीत कमी-जास्त होतोय: विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर असं होतं, कारण त्यावर प्रत रोखणारा मॅक्रोव्हिजन सिग्नल असतो, आणि त्या सिनेमाचे हक्कही तुमचे नसतात. घरच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नसतो.

मूळ फाइल मिळाली की तिला हात न लावता बघण्यासाठी वेगळी प्रत काढा. आडव्या फणीसारख्या दातेरी कडा घालवायला डीइंटरलेस करायचं, म्हणजे अर्ध्या फील्डची पूर्ण चित्रं बनवायची, पण २५ वर न आणता ‘बॉब’ पद्धतीने सेकंदाला ५० चित्रांवर, म्हणजे दोन्ही फील्ड जपली जातात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. वेळ आणि चिकाटी असेल तर अॅव्हिसिंथमधलं क्यूटीजीएमसी याहून कितीतरी स्वच्छ करतं. फील्डचा क्रम बघा: कॅप्चर कार्डातून आलेल्या फाइलमध्ये सहसा वरचं फील्ड आधी, डीव्हीमध्ये खालचं आधी. उलटा क्रम लागला तर माणसं पुढे-मागे झटके देत चालतात. तपासायला कॅसेटच्या सुरुवातीची, वर सरकणारी निमंत्रकांची नावं उत्तम. ती वाचता आली, थरथरली नाहीत, की बरोबर. प्रमाण ४:३ ठेवा. एच.२६४, दर्जा सीआरएफ १७-१८, एमपी४. ही फाइल टीव्हीवरही चालते आणि मोबाइलवरही.

खाडीकाठची बुरशी

ठाणे आणि नवी मुंबई खाडीच्या दोन बाजूंना. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा असा की माळ्यावरच्या कॅसेटला बुरशी धरतेच. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. कडांवर पांढरी पूड, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा ठिपके दिसले तर ती कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. एक बुरशीची कॅसेट हेड बिघडवते आणि पुढच्या निरोगी कॅसेटनाही लागण करते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून, स्वच्छ करण्याची वेगळी सोय असलेल्या जाणकाराकडेच द्या. हेअर ड्रायर, कडक ऊन, फ्रिज यांपैकी काहीही नको.

चांगल्या कॅसेट हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की बदला. उतरवण्याचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढलेलं बरं. पावसाळ्यातच करायचं असेल तर एसीच्या गार खोलीतून बाहेर काढलेली कॅसेट किंवा कॅमेरा लगेच चालू करू नका. आत दव धरतं, ओली टेप फिरत्या ड्रमला चिकटते आणि फाटते. हँडीकॅमवर दवाची खूण येते ती यासाठीच. दोन-तीन तास थांबा.

चित्रावर बर्फासारखे ठिपके आणि आवाज मात्र ठीक, असं असेल तर हेड घाण झालंय. प्लग काढून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉय चामड्याचा किंवा तंतू न सुटणारा बोळा ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. बोळा वरखाली घासायचा नाही, हेडची चिप केसासारखी नाजूक असते, एकदा चुकीचं घासलं तरी तुटते. कानातली कापूसकाडी नको, तिचा तंतू अडकतो.

कॅमेऱ्यातून थेट रेकॉर्डिंग असेल तर

सोसायटीचा गणेशोत्सव किंवा हॉलमधला कार्यक्रम आजच्या कॅमेऱ्याने थेट लॅपटॉपवर घ्यायचा असेल, तर वरचं जवळजवळ काहीच लागू होत नाही. इथे एचडीएमआय कार्डच हवं. १०८०पी ६० न दाबता घ्यायला सेकंदाला २५० एमबी लागतात, यूएसबी २.० ला ते पेलत नाही, म्हणून खरं यूएसबी ३.० आणि एमएस२१३० किंवा त्याहून चांगली चिप. कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून पडद्यावरची माहिती वगळून फक्त चित्र बाहेर येतं का ते आधी तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा कॅमेरा २५ किंवा ५० वर आणि शटर एक पन्नासांश ठेवा, नाहीतर दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते. गडकरी रंगायतनसारख्या सभागृहात मागच्या रांगेपासून लॅपटॉपपर्यंत साध्या एचडीएमआय केबलवर दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवसा नाही, तिथे एसडीआय, म्हणजे लांब पल्ल्याची व्यावसायिक व्हिडीओ केबल, लागते. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा. मध्येच वीज गेली तरी तोवरची फाइल शाबूत राहते, साध्या एमपी४ची राहत नाही.

बाहेर करायला देताना

तीन-चारच कॅसेट असतील तर प्लेअर, कार्ड, रेकॉर्डर जमवण्यापेक्षा चांगल्या स्टुडिओत देणं शहाणपणाचं. द्यायच्या आधी विचारा: ७२० गुणिले ५७६, इंटरलेस (दोन्ही फील्ड वेगळी) तशीच ठेवलेली मूळ फाइल देणार का? टीबीसी वापरता का? मिनीडीव्ही फायरवायरनेच करता ना? ‘एचडीत करून देतो’ एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा. आधी एकच कॅसेट द्या, घरी फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या पाच मिनिटांत ओठ-आवाज जुळवून बघा, मग बाकीच्या. फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅसेट परत आणून डब्यात उभ्या ठेवा आणि प्रत्येकीच्या पाठीवर उतरवल्याची तारीख व फाइलचं नाव लिहा.